नळी सरळ करणारी अफ्रा

अफ्रा हेफेलेला कारखान्यात घेतलं ते टोप्या पुसायला. रायफलीच्या टोकाला नेम धरायची जी बारीक माशी असते, तिच्यावर पत्र्याची एक छोटी टोपी सरकवतात. उन्हाची तिरीपही चुकते आणि धक्काही. अशा बाराशे टोप्या दिवसाला पुसायच्या, तेलाचं बोट फिरवायचं आणि खोक्यात रचायच्या. साल एकोणीसशे एकेचाळीस. गावातले धडधाकट पुरुष रशियाच्या वाटेला लागले होते. दक्षिण जर्मनीतल्या नेकार नदीच्या त्या चिंचोळ्या खोऱ्यात तीन पिढ्या घराघरात बंदुकीचंच काम चालत आलेलं. आता कारखान्याच्या भोंग्यावर बायका धावत होत्या. अफ्रा बावीस वर्षांची. वडील ती लहान असतानाच गेले, भाऊ पांक्राझ फौजेत, घरात आई आणि दोन शेळ्या.

टोप्यांचा तिला आठवड्यात वीट आला. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन नळ्यांच्या खात्यात जाऊन बसायची, कारण तिथे शेगडी होती. तिथेच बेनेडिक्ट मोझर बसलेला असे. सत्तरीचा म्हातारा, तोंडात विझलेला पाइप. उत्तरेच्या खिडकीसमोर स्टुलावर बसून बंदुकीची नुसती नळी डोळ्याला लावायचा, गोल फिरवायचा, बाजूच्या दाबयंत्रात घालायचा, वरचं मोठं चाक केसभर ओढायचा आणि पुन्हा डोळ्याला लावायचा.

एक दिवस तिला राहवलं नाही. "उस्ताद, एवढं काय दिसतं त्यात?"

"तुझं लग्न," म्हातारा म्हणाला. "बघायचंय? घे."

खिडकीच्या काचेवर आडवी काळी पट्टी ठोकलेली होती. अफ्राने नळी तिच्यावर रोखली आणि श्वास धरला.

"काय दिसतं?"

"कड्या. एकात एक कड्या. विहिरीत वाकून बघितल्यासारखं."

"गोल आहेत?"

"पहिल्या तीन गोल आहेत. चौथी… अंड्यासारखी. डावीकडे ओघळलीय."

बेनेडिक्टने तोंडातला पाइप काढला. ते अंडं दिसायला त्याच्या हाताखालच्या गड्यांना दोन-दोन वर्षं लागत, आणि काहींना जन्मात दिसत नसे. तो तसाच उठला आणि मुकादमाकडे गेला.

"बाई? नळीवर?" मुकादम हसला. "उस्ताद, वय झालं तुमचं."

"मग माझे गडी परत आणा रशियाहून. मी वाट बघतो."

दुसऱ्या दिवसापासून अफ्रा नळीवर बसली. बेनेडिक्ट फारसं शिकवत नसे, ओरडत मात्र असे. "पोरी, दाबू नकोस तिला! नळी मानी असते. जबरदस्ती केलीस की इथली वाक जाते आणि वीतभर पुढे दुसरी येते. विचार तिला, कुठे दुखतं म्हणून." अफ्रा विचारत राहिली. पहिल्या हिवाळ्यात तिच्या उजव्या डोळ्याखाली नळीच्या कडेचा अर्धगोल वण उठला तो पुढे कधी गेलाच नाही. उन्हाळ्यापर्यंत ती दिवसाला शंभर नळ्या बघू लागली आणि प्रत्येक सरळ नळीच्या बुडाशी स्वतःच्या नावाचा बारीक शिक्का ठोकू लागली. त्याच उन्हाळ्यात पांक्राझ गेल्याची तार आली.

चौथ्या दिवशी कामावर निघालेल्या अफ्राला आई म्हणाली, "तुझ्या भावाच्या हातात तीच बंदूक होती ना गं? वाचवलं का तिने त्याला?"

अफ्राने चपला चढवल्या आणि ती गेली.

त्रेचाळीस साली कारखान्यात परदेशातून पकडून आणलेले मजूर भरले. पोलंडचे, रशियाचे, फ्रान्सचे, हॉलंडचे. टेकडीवरच्या लाकडी बराकीतून सकाळी पहाऱ्यात उतरायचे, संध्याकाळी पहाऱ्यात चढायचे. नळ्यांच्या खात्यात येल्ले नावाचा एक उंच, काटकुळा डच आला. गावाकडे त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं म्हणे. सरळ झालेल्या नळ्या ठेवायची लाकडी मांडणी, तिला घोडी म्हणत, ती उचलायची आणि लांब बोळातून पलीकडच्या खात्यात पोचवायची, एवढंच त्याचं काम.

महिनाभरात नेमबाजीच्या खात्यातून बंदुका परत येऊ लागल्या. गोळी हातभर बाजूला जाते म्हणून. उघडून बघावं तर नळी वाकडी, आणि बुडाशी शिक्का अफ्राचा.

"हेफेलेबाई," मुकादम म्हणाला, "डोळे तपासून घ्या. पुन्हा असं झालं तर मला वर सांगावं लागेल."

अफ्राच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिचे डोळे चुकत नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी घोडी दाराबाहेर पडल्यावर ती चार पावलं मागून गेली. बोळाच्या वळणावर जमिनीत लोखंडी जाळी होती. येल्लेने घोडी टेकवली, एक नळी काढली, तिचं टोक जाळीत अडकवलं आणि खांद्याने एकदाच रेटा दिला. नळी परत जागेवर ठेवली. मग मान वर केली तर समोर अफ्रा.

कारखान्याच्या फाटकावर लाल अक्षरांत पाटी होती: नासधूस करणाऱ्याला फाशी. ती नुसती धमकी नव्हती. महिन्यापूर्वी दोन पोलिश मजुरांना नेलं होतं ते परत आले नव्हते. येल्लेचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला. अफ्रा वळली आणि आपल्या स्टुलावर येऊन बसली. त्या दिवशी तिने अठ्ठावीसच नळ्या केल्या.

सांगावं तर एक माणूस फासावर जाणार. गप्प बसावं तर ठपका आपल्यावर येणार, आणि वाकडी नळी घेऊन कुणीतरी आपल्याच गावचा पोरगा खंदकात उभा राहणार. घरी जाताना पुलावर ती बराच वेळ थांबली. सकाळी आली ती सरळ मुकादमाकडे.

"माझा शिक्का असलेल्या नळ्यांची प्रत्येक घोडी पलीकडे जाऊ दे, पण नेमबाजीला देण्याआधी मी तिथे जाऊन परत एकदा बघणार. जेवणाच्या सुट्टीत. माझ्या वेळात."

"तुमची मर्जी," मुकादम म्हणाला.

तेव्हापासून असं चाललं. येल्ले वाकवायचा, अफ्रा शोधून सरळ करायची. वीस नळ्यांत एक, कधी दोन. तो जागा बदलून बघायचा, कधी टोकाशी, कधी मधोमध, कधी इतकी बारीक वाक की बेनेडिक्टलाही दिसली नसती. तिला दिसायची. पावणेदोन वर्षं हा खेळ चालला आणि तिसऱ्या माणसाला त्याचा सुगावा लागला नाही.

एकदाच ती दोघं बोलली. खातं रिकामं होतं. येल्ले मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "तुम्ही सांगितलं नाहीत."

"नाही."

"आणि सरळही करता."

"ते माझं काम आहे."

"माझंही काम आहे," तो म्हणाला. "मग आपण दोघं नक्की कुणासाठी राबतो?"

अफ्राने पुढची नळी उचलली. पुढे आयुष्यभर तो प्रश्न तिच्या अंगावरून उतरला नाही.

पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये फ्रेंच फौज आली. आदल्या दिवशी साहेबांनी कचेरीतली सगळी कागदपत्रं अंगणात जाळली. हजेरीपत्रकं, नेमणुका, सगळं. बराकी उघडल्या. येल्ले कुणाचा निरोप न घेता चालत गेला. बाजारचौकात बंदुकांचा ढीग लागला आणि रणगाडा त्यावरून तीनदा फिरला. लाकडी दस्ते फुटायचा आवाज वरच्या चर्चपर्यंत ऐकू आला म्हणतात. मग यंत्रं उचकटून आगगाडीत भरली गेली आणि शेवटी भिंतीही सुरुंगाने उडवल्या.

बंदुका गेल्या, पण त्यांचा सगळा बारदाना गावात राहिला. संगिनीने लोक चुलीचं सरपण फोडू लागले. नळी साफ करायची साखळी कुणी कुत्र्याच्या गळ्यात घातली, तेलाची चपटी डबी शिवणयंत्रापाशी गेली. पट्ट्यांच्या चामड्याचे चपलांना तळवे लागले. अफ्राच्या आईने काडतुसांच्या तीन कप्प्यांच्या कातडी पाकिटात कपड्यांचे चिमटे ठेवले. "निदान काहीतरी चांगलं राहील त्यात," ती म्हणाली.

अफ्रा शेजारच्या गावी गजराच्या घड्याळांना काटे बसवायला जाऊ लागली. सहा वर्षं. काटे बसवणं म्हणजे पुन्हा टोप्या पुसणंच.

एक्कावन्न साली जंगलखात्याला परत बंदुका मिळाल्या. जुन्या फौजी रायफलीच, बोल्ट ओढून गोळी भरायच्या, ज्यांना मॉडेलच्या आकड्यावरून गावात सगळे नुसतं 'अठ्ठ्याण्णव' म्हणत. फॉरेस्टर फीडेल श्टोर्झच्या वाट्याला आलेली अठ्ठ्याण्णव शंभर पावलांवर वीतभर डावीकडे मारत होती. रानडुकरांनी बटाट्याची शेतं उलथीपालथी केली होती आणि श्टोर्झ गावातून गेला की लोक विचारायचे, "काय साहेब, आज कुठलं झाड मारलंत?" तीन बंदूकवाल्यांनी हात टेकले. एकाने माशी बदलली, एकाने दस्ता कोरला, तिसऱ्याने, जिल्ह्याच्या गावच्या आल्बान कोप उस्तादांनी, सरळ सांगितलं की बंदूक टाकून द्या.

श्टोर्झ शेवटी बेनेडिक्टकडे गेला. म्हातारा ऐंशीचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"माझी खिडकी बंद झाली," तो म्हणाला. "अफ्राकडे जा."

"कोण, घड्याळवाली?"

"जा तर खरा."

अफ्रा पीठ मळत होती. श्टोर्झने बंदूक टेबलावर ठेवताच आई ओरडली, "अफ्रे, तो सैतान माझ्या स्वयंपाकघरात नको!" अफ्राने हात धुतले. बोल्ट काढला, दस्ता सोडवला, सरपणातली एक पट्टी खिडकीला आडवी बांधली आणि नळी डोळ्याला लावली. सहा वर्षांनी. कड्या तिथेच होत्या.

"पाचवी कडी," ती म्हणाली. "डावीकडे ओघळलीय. तुमची माशी बिचारी निर्दोष आहे."

"पण दाबयंत्र कुठाय तुमच्याकडे?"

तळघरात सफरचंद पिळायचं यंत्र होतं. मधोमध जाड लोखंडी मळसूत्र आणि वर चाक. अफ्राने अॅश झाडाच्या चिवट लाकडाचे तीन ठोकळे कापले, दोन खाली, एक वर, त्यांत नळी धरली आणि चाकाला हात घातला. केसभर. वर जाऊन बघितलं. परत खाली, केसभर. असं अकरा वेळा. श्टोर्झ जिन्यात उभा राहून नुसता बघत होता.

दुसऱ्या दिवशी दगडाच्या खाणीत त्याने शंभर पावलांवर कॉफीची बशी ठेवली. पहिल्याच गोळीत बशीचे तुकडे. "माझ्या बायकोची होती ती," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हसला.

आठवड्याभरात अफ्राच्या दारात आणखी चार फॉरेस्टर उभे राहिले. आणि पंधराव्या दिवशी आल्बान कोप उस्तादांच्या सहीची नोटीस: कारागिरीचा दाखला नसताना हत्यार दुरुस्त करणं हा गुन्हा आहे.

आई म्हणाली, "बरं झालं. सुटलीस."

अफ्राने रविवारचा काळा कोट घातला आणि बस पकडून जिल्ह्याच्या गावी गेली. कोप उस्ताद बंदूकवाल्यांच्या संघाचे प्रमुख. रुंद छाती, पांढऱ्या मिशा, समोर कानशी ओळीने मांडलेल्या.

"दाखला कसा मिळतो, ते विचारायला आले," ती म्हणाली.

"तीन वर्षं उमेदवारी. मग परीक्षा. तुमचं वय काय?"

"बत्तीस. साडेतीन वर्षं नळीवर बसले आहे."

"बाई, नळी म्हणजे बंदूक नव्हे. शिवाय या धंद्यात बायका नसतात."

"नियमात लिहिलंय तसं?"

कोप उस्तादांनी नियमांचं पुस्तक काढलं. चष्मा लावून बराच वेळ चाळलं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. उलट, युद्धाच्या काळात ज्याने तीन वर्षांहून जास्त ते काम केलं असेल, त्याला उमेदवारीशिवाय परीक्षेला बसता येतं, असं एक कलम निघालं. अट एकच, बरोबर काम केलेल्या दोन माणसांची लेखी साक्ष हवी.

"आणा साक्षी," त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांना वाटलं, विषय संपला.

बेनेडिक्टची साक्ष त्याच दिवशी झाली. दुसरी कुणाची? कागद जळाले होते. मुकादम वारला होता. टोप्यांच्या खात्यातल्या बायकांनी तिला नळीवर बसलेलं बघितलं होतं, पण त्यांनी बरोबर काम केलं नव्हतं. संघाने ते मानलं नाही. नळ्यांच्या खात्यातला जिवंत असा एकच माणूस उरला होता, येल्ले.

"त्याला विचारणार तू?" बेनेडिक्टने विचारलं. "पकडून आणलेला माणूस तो. तुझ्यासाठी का म्हणून लिहील?"

"नाही लिहिलं तर नाही. विचारायला काय जातं?"

तिने रेड क्रॉसकडून पत्ता मिळवला. पाच महिने लागले. मग एक पान लिहून पाठवलं. त्यात माफी मागावी की नाही हे तिला कळेना, म्हणून तीन कागद फाडले. शेवटी एवढंच लिहिलं की मी काय काम करत होते ते तुम्ही पाहिलंत, जे पाहिलंत ते लिहाल का. उत्तर यायला आणखी दोन महिने गेले.

पत्र असं होतं:

"अफ्रा हेफेले हिने नळ्या सरळ करण्याचं काम केलं. मी जवळजवळ दोन वर्षं रोज पाहिलं. तिच्यासारखी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. मी मुद्दाम वाकवलेल्या नळ्या तिने शोधून काढल्या आणि सरळ केल्या. मला माहीत आहे तेवढं, एकही तिच्या नजरेतून सुटली नाही. सुटल्या असत्या तर काही माणसं आज जिवंत असती, असं मला वाटतं. तिने मला पकडून दिलं नाही म्हणून मी जिवंत आहे, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी ठेवायच्या असतील तर माझी सही वापरा. एक गाळायची असेल तर वापरू नका. येल्ले होएक्समा."

आईने वाचलं आणि खाली बसली. "हे नाही दाखवायचं कुणाला. कळलं? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एक म्हणेल बंदुका सरळ केल्यास, दुसरा म्हणेल शत्रूला लपवलंस."

श्टोर्झ म्हणाला, "पहिली तीन वाक्यं पुरेत की. शाळेच्या मास्तरांकडून स्वच्छ नक्कल करून घेऊ."

बेनेडिक्टला पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्याने ते परत एकदा वाचायला लावलं. "माझ्या शेजारी बसून करत होतीस तू हे," तो म्हणाला. "आणि मला पत्ता नाही. मी तुझ्या जागी असतो तर सांगितलं असतं मुकादमाला. भीतीनेच सांगितलं असतं." मग म्हणाला, "तुला काय करायचंय ते कर, पोरी."

अफ्राने पत्र घडी घालून जसंच्या तसं नेलं.

संघाच्या खोलीत तिघं होते. कोप उस्ताद, एक कारकून आणि ग्योट्झ नावाचा दुसरा बंदूकवाला, ज्याचा डावा हात युद्धात गेला होता. कारकुनाने पत्र मोठ्याने वाचलं. एकही वाक्य गाळलं नाही.

ग्योट्झ उठून उभा राहिला. "म्हणजे आम्ही तिकडे मरत होतो आणि ही बाई इकडे असल्या माणसाला पाठीशी घालत होती!"

"वाकडी बंदूक एकही तुमच्यापर्यंत येऊ दिली नाही मी," अफ्रा म्हणाली.

"आणि ज्यांच्यावर त्या रोखल्या गेल्या?" हे कोप उस्तादांनी विचारलं, हळू आवाजात. "त्यांचं काय वाटतं तुम्हाला?"

अफ्राला हा प्रश्न त्यांच्याकडून येईल असं वाटलं नव्हतं.

"वाटतं," ती म्हणाली. "पीठ मळताना वाटतं, बसमध्ये वाटतं. तो फासावर जाऊ नये एवढंच तेव्हा मला सुचलं. त्यापलीकडचं सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही."

"तरी परत बंदुकाच करायच्यात?"

"मला हेच येतं, उस्ताद. तेव्हा समोर येईल ती नळी घ्यावी लागायची. आता कुठल्या बंदुकीला हात लावायचा ते मी ठरवीन. त्यासाठीच दाखला पाहिजे."

ग्योट्झ टोपी उचलून निघून गेला. कोप उस्तादांनी पत्र पुन्हा एकदा स्वतः वाचलं. कारकुनाला माहीत होतं, अफ्राला नव्हतं. कोप उस्तादांचा एकुलता एक मुलगा स्टालिनग्राडच्या लढाईत गेला होता.

"साक्ष ग्राह्य," ते म्हणाले. "परीक्षा मार्चमध्ये. सोपी असणार नाही."

नव्हतीच. तीन दिवस. एक जुनी अठ्ठ्याण्णव पूर्ण खोलायची, फौजेचे गरुडाचे शिक्के कानशीने काढायचे, अक्रोडाच्या ओंडक्यातून शिकारीचा नवा दस्ता घडवायचा, माशी बसवायची, आणि परीक्षकांनी वाकवून ठेवलेली नळी सरळ करायची. नळी अफ्राने अर्ध्या तासात दिली. लोखंडाचं काम नीट झालं. पण लाकूड! लाकडाला तिने जन्मात हात लावला नव्हता. कोप उस्तादांनी सिगारेटचा पातळ कागद घेतला आणि लोखंड व दस्ता यांच्या फटीत सरकवला. कागद सुळकन आत गेला आणि पलीकडून बाहेर आला.

"नापास," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी या."

बसमध्ये ती ताठ बसून होती. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय झालं?"

"लाकूड शिकायचंय."

गावात लाकडातली सगळ्यात बारीक सांध मारणारा माणूस म्हणजे शवपेट्या बनवणारा सुतार, क्विरिन. घड्याळाच्या कारखान्यातून सुटलं की अफ्रा त्याच्याकडे जायची. पहिले दोन महिने त्याने तिला फक्त पटाशीला धार लावायला दिली. "तुझी नळी जशी मानी, तसा लाकडाचा धागा मानी," तो म्हणायचा. "त्याच्या उलट गेलीस की तो चावणार." तिच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना तो चावलाही. लोखंडाला काजळी फासायची, लाकडात बसवायचं, जिथे काळं लागेल तिथेच कातरायचं, परत बसवायचं. एका खाचेसाठी सत्तर वेळा. फास्नाटचा सण आला. सगळं गाव मुखवटे घालून घंटा वाजवत रस्त्यात नाचत होतं. अफ्रा क्विरिनच्या दुकानात काजळी फासत होती. शेजारीण आईला म्हणाली, "तुझी पोर यंदाही नाही आली नाचायला?" आई फटकन म्हणाली, "तिला काम आहे." ती कधी पोरीची बाजू घेऊन बोलल्याचं शेजारणीला आठवत नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये कोप उस्तादांनी पुन्हा सिगारेटचा कागद काढला. फटीला लावला. दाबला. कागद दुमडला. दुसऱ्या बाजूने बघितलं, बोल्टाच्या मागे बघितलं. तिथेही दुमडला. त्यांनी कागदात तंबाखू भरली आणि सिगारेट शिलगावली.

"हेफेलेबाई, पाटी लावा दारावर," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, जरा अवघडून, "आणि माझ्या दुकानात दोन नळ्या पडल्यात वर्षभर. कुणाला जमत नाहीत. सवड मिळाली तर…"

"सोमवारी येते, उस्ताद."

येल्लेला तिने दोन ओळी पाठवल्या: पत्र पूर्ण वाचलं गेलं, मी पास झाले. उत्तर आलं नाही. तिनेही परत लिहिलं नाही.

शेळ्यांच्या गोठ्यात तिने उत्तरेला मोठी खिडकी पाडली आणि दुकान थाटलं. बेनेडिक्ट दोन वर्षं रोज येऊन शेगडीपाशी बसायचा, न दिसणाऱ्या डोळ्यांनी. नळ्या, दस्ते, हरणाच्या शिकारीच्या दुनळ्या, सगळं तिच्याकडे येऊ लागलं. अठ्ठावन्न साली पुढच्या परीक्षेलाही बसली आणि स्वतः उस्ताद झाली. ग्योट्झ मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही. श्टोर्झ तिच्याशी लग्न करावं की काय असा विचार करत राहिला, असं गावात म्हणत. त्याची बायको तेव्हा जिवंत आणि ठणठणीत होती, त्यामुळे ते खोटंच असावं.

साठ-सत्तरच्या दशकात वेगळीच गिऱ्हाइकं यायला लागली. जुन्या फौजी वस्तू गोळा करणारे. एकदा श्टुटगार्टहून एक वकील आले, मोटारीत सगळा संच घेऊन. अठ्ठ्याण्णव, प्रत्येक भागावर एकच नंबर. संगीन, म्यान, दोन्ही पाकिटं, पट्टा, साफ करायची डबी, नळीच्या तोंडाची टोपीसुद्धा. फक्त मधे कुणीतरी दस्ता कापून शिकारीचा केला होता आणि गरुडाचे शिक्के घासले होते.

"हेफेलेबाई, मला ही पहिल्यासारखी करून पाहिजे. बेचाळीस सालची. शिक्क्यांसकट. तुमच्याइतकी ती कुणाला ठाऊक नाही, असं ऐकलं."

अफ्राने बंदूक हातात घेतली, बोल्ट ओढून बघितला, नळी डोळ्याला लावली. नळी सरळ होती.

"नळी चांगली आहे," ती म्हणाली. "दस्ता कुणी अनाडी माणसाने कापलाय, तो नीट करून देईन. डुकरावर चालेल. बेचाळीस सालची करून देणार नाही."

"का? तुम्ही म्हणाल ते देतो."

"नाही म्हटलं ना, साहेब."

वकील जिल्ह्याच्या गावी गेले. कोप उस्तादांच्या पुतण्याने ते काम घेतलं आणि उत्तम केलं. ती बंदूक म्हणे अजून कुठल्याशा काचेच्या कपाटात आहे. अफ्राला ते कळलं तेव्हा ती दिवसभर धुसफुसत होती. संध्याकाळी पुतण्याला फोन लावून तिने एवढंच विचारलं, की सांध्यात कागद जातो का. जात नव्हता. "मग ठीक," म्हणाली आणि फोन ठेवला.

अठ्ठ्याऐंशी साली, एकोणसत्तराव्या वर्षी, तिने दुकान बंद केलं. रॉटवाइलच्या बाजूला दोन पोरींनी बंदूकदुरुस्तीचं नवं दुकान टाकलं होतं. अफ्राने आपलं दाबयंत्र त्यांना दिलं आणि ते बसवून द्यायला स्वतः गेली. खिडकी दक्षिणेला, थेट उन्हाच्या बाजूला आहे म्हणून त्यांना चांगली झापली. ती उत्तरेला काढून होईपर्यंत, आठ दिवस, तिथेच राहिली.